मदत हवी आहे: हात चित्रात चालत नसेल तर ॲनिमेशन दिग्दर्शक होता येतं का? (संदर्भ: इसाओ ताकाहाता)

नमस्कार मंडळी,

माझी भाची बारावीला आहे, तिला ॲनिमेशनमध्ये जायचंय. गोष्टी भराभर सुचतात, वहीच्या मागच्या पानांवर संवाद लिहीत बसते. पण माणूस काढला की दोन्ही पाय डावेच! गेल्या महिन्यात एका क्लासला चौकशीला गेलो, तर तिथल्या सरांनी वही चाळून दोन मिनिटांत निकाल लावला, "ड्रॉइंग नाही तर ॲनिमेशन विसरा." पोरगी तेव्हापासून गप्प आहे.

मला लगेच जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक इसाओ ताकाहाता आठवले. मी नुसती हौशी प्रेक्षक (दूरदर्शनवरचा मोगली जपानी होता हे मला कॉलेजात कळलं, यावरून ओळखा), तेव्हा काही चुकलं तर सांगा. 1935 चा जन्म. तोक्यो विद्यापीठात शिकले काय, तर फ्रेंच साहित्य! पॉल ग्रिमो या फ्रेंच दिग्दर्शकाचा ॲनिमेशनपट बघून भारावले आणि 1959 मध्ये तोएई डोगा स्टुडिओत लागले. 1968 चा पहिला चित्रपट 'होरुस' तिकीटबारीवर आपटला. मग टीव्हीवर मालिका: 1974 ला हायडी, 1976 ला मार्को, 1979 ला ॲन. 1985 मध्ये दिग्दर्शक हायाओ मियाझाकींबरोबर स्टुडिओ घिब्ली काढला. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (1988), 'ओन्ली यस्टर्डे' (1991) आणि 'पॉम पोको' (1994) या तिन्हींच्या पटकथा त्यांच्याच. शेवटचा 'प्रिन्सेस कागुया' 2013 चा. 2018 मध्ये गेले. आणि एवढ्या वर्षांत ॲनिमेटर म्हणून एकदाही काम नाही!

प्रश्न दोन. स्वतः चित्र न काढणारा हा माणूस दिवसभर स्टुडिओत नेमकं करायचा काय? आणि भाचीला पहिला कुठला चित्रपट दाखवू?

प्रतिसाद १

'ओन्ली यस्टर्डे' दाखवा, डोळे झाकून. त्यातच तुमच्या पहिल्या प्रश्नाचंही उत्तर आहे. मोठ्या वयाच्या पात्रांचे आवाज आधी ध्वनिमुद्रित केले आणि चेहरे नंतर त्या बोलण्यावर काढले. जपानमध्ये सहसा उलटं असतं. म्हणून नायिका ताएको हसली की गालावर रेघा उमटतात. 27 वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर रेघा हव्यात की नकोत, हे ठरवणं म्हणजे दिग्दर्शन. रेघ ओढणारा हात दुसऱ्याचा.

तो अननसाचा प्रसंग तिला दोनदा दाखवा. 1966 साल, ताएको लहान, घरात पहिल्यांदा अख्खा अननस आलाय आणि तो कापायचा कसा हेच कुणाला माहीत नाही. शेवटी कापतात, सगळे जपून एकेक घास घेतात आणि तोंडं पडतात. फळ कच्चंच! घडत काहीच नाही, पण घरातला प्रत्येक माणूस कळतो. हे आधी कागदावर सुचावं लागतं, आणि ते तर तुमच्या भाचीला येतं.

जाता जाता: ताएको यामागाता प्रांतात जी फुलं तोडायला जाते ती करडई. आमच्याकडे सोलापूरला करडईत शिरून पोटऱ्या ओरबाडून घेतलेल्या माणसाला तिथल्या काट्यांचं वेगळं सांगावं लागत नाही.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, पण पोरीला अर्धंच चित्र दाखवू नका. ताकाहातांच्या बाजूला चित्र काढणारे कोण होते बघा: 'होरुस'ला यासुओ ओत्सुका, हायडीच्या लेआउटला (म्हणजे प्रत्येक दृश्याची मांडणी काढायला) खुद्द मियाझाकी, ॲन आणि फायरफ्लाइजला योशिफुमी कोंदो. असे हात मिळाले म्हणून ते जमलं. शिवाय तोएईत ते शिरले तेच दिग्दर्शनाच्या वाटेने, सहायक म्हणून. पहिला चित्रपट हाती यायला नऊ वर्षं गेली. आणि वेळेच्या बाबतीत आनंदच! फायरफ्लाइज प्रदर्शित झाला तेव्हा त्यातली काही दृश्यं रंगवायचीही राहिली होती. आधीच्या चित्रपटानंतर 'कागुया' यायला 14 वर्षं लागली.

सरांचं बोलणं ॲनिमेटरच्या नोकरीपुरतं बरोबर आहे. पण सगळं ॲनिमेशन म्हणजे ती एकच नोकरी नव्हे. तिला स्टोरीबोर्डची, म्हणजे गोष्ट चौकटी-चौकटींत काढून मांडायची सवय लावा, काड्यांची माणसं चालतील. फक्त कोण कुठे उभं आहे आणि कुणाकडे बघतंय, ते कळलं पाहिजे.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री लावला. अननसाला ती हसली, पण काड्यांची माणसं म्हटल्यावर जास्त खुलली. सकाळी बघते तर वहीत डाव्या पायांच्या माणसांच्या चौकटी! आता एकच विचारते: फायरफ्लाइज तिला इतक्यात दाखवू का?

प्रतिसाद २

दाखवा, पण फार रडवतो, एकटीला बघू देऊ नका. आणि दुसऱ्या दिवशी पेपर नसेल असा वार बघा.