पाणी पहाटे तीनला, गल्लीत अंधार, आणि आता बोरमाळ गेली. तक्रार कशी लिहून द्यायची?

शेंगाचटणी:
सोलापूर, पूर्व भाग. आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं, ते पण पहाटे तीन-साडेतीनला. नळ दाराबाहेर, खड्ड्यात. वरची फरशी सरकवायची, गुडघे टेकून वाकायचं, तोटीला पाइप लावायचा. हे काम सासूबाईंचं. मी लावला की गळतो असं त्या म्हणतात, आणि गळतोच. सायकलच्या ट्यूबचा तुकडा त्या असा काही आवळतात की थेंब बाहेर येत नाही.

गल्लीतला दिवा दिवाळीपासून बंद. मागच्या मंगळवारी त्या खड्ड्यात वाकल्या होत्या, तेव्हा मोटारसायकलवर दोघं आले. मागचा उतरला आणि विचारतो, "मावशी, पाणी आलं का?" त्या "आलं की बाबा" म्हणेपर्यंत बोरमाळ त्याच्या हातात. ओढाओढीत त्या पडल्या, कोपर सोललं, पाइप सुटला, पाणी गल्लीभर. दीड तोळ्याचं त्या नाव काढत नाहीत. हळहळ पाण्याची!

चौकीत सांगितलं, "अंधारात पडली असंल, गहाळ म्हणून लिहून द्या, दाखला लगेच मिळंल." नवऱ्यानं सही करून टाकली. आता काही करता येतं का? आणि दिव्याचं काय? लाइनमन म्हणतो ठेकेदाराला विचारा. ठेकेदाराचा माणूस म्हणतो केबलच चोरीला गेली. म्हणजे दिवा नाही म्हणून चोर, आणि चोर आहेत म्हणून दिवा नाही.

निवृत्त_कारकून:
ताई, सही झाली म्हणून सगळं संपलं असं नाही. गहाळचा दाखला मार्कशीट किंवा सिमकार्ड हरवल्यावर घेतात, त्यावर चोराचा तपास होत नसतो. नव्यानं अर्ज द्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात हिसकावून नेण्यासाठी स्वतंत्र कलम आहे, 304. जुन्या दंडविधानात ते नव्हतं. चोरी करताना मुद्दाम इजा केली असेल तर जबरी चोरीचं 309 पण बघावं लागतं, म्हणून कोपराचा दवाखान्याचा कागद जोडा.

अर्जात "पडली" हा शब्द चुकूनही नको. "गळ्यातून ओढून नेली" असं लिहा, आणि तो "पाणी आलं का" म्हणाला ते जसंच्या तसं. आधीची सही कशी झाली तेही लिहा, लपवू नका. गुन्हा नोंदवला की प्रत फुकट मिळते, मागून घ्या. नोंदवलाच नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा) 173(4) प्रमाणे अर्ज पोस्टानं वरिष्ठांकडे पाठवायचा. आपल्याकडे पोलीस आयुक्तालय आहे, म्हणजे तिकडे. तिथंही दाद नाही मिळाली तर मॅजिस्ट्रेट. उशीर का झाला हे विचारतील, म्हणून उद्याच जा.

पुण्यात_सोलापूरकर:
म्हणून तर आम्ही निघालो. 2016 ला स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात नाव होतं म्हणे आपलं. आईंना घेऊन इकडे या सरळ.

शेंगाचटणी:
भाऊ, भाडं तुम्ही भरणार का? सासऱ्यांची मिल बंद पडली, मग घरात दोन माग टाकले, ते भंगारात गेले. राहिलंय ते हे घर आणि हा खड्डा.

पूर्वभाग:
अक्का, आमच्यात बी हेच चाललंय. आमच्या गल्लीतल्या नळाचं पाणी ओढायच्या तीन टिल्लू मोटारी एका रात्रीत गेल्या. (लाइनीवर मोटार लावायची नसती, म्हाईताय. म्हणून तर कुणी तक्रार केली नाही, चोराला बी ते म्हाईत.) आता आम्ही पाच घरं बरोबर उठतोय. चावीवाल्याला चहा पाजा, कुठल्या भागाची चावी कधी सोडणार ते त्यालाच नक्की ठाऊक असतंय. त्यानं फोन केला की ग्रुपवर मेसेज. एकटीनं खड्डा उघडायचा नाही. आणि गळ्यात काळी पोत घाला म्हणावं, सोनं कपाटात.

भुईकोट:
उजनीहून शंभरावर किलोमीटर पाणी आणायचं, टाक्या भरायच्या, मग भाग पाडून सोडायचं. त्यात कुणाच्या तरी वाट्याला पहाटे तीन येणारच. पण ज्या भागात तीनला पाणी, तिथले दिवे तरी आधी दुरुस्त करा! हे सांगायचं कुणाला? मार्च 2022 ला मुदत संपली आणि पुढं कितीतरी वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडं.

दिव्यासाठी तोंडी सांगू नका. खांबावर नंबर असेल तर तो घालून लेखी द्या, पोच घ्या. मग माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज: या खांबाची तक्रार कधी आली, देखभालीच्या करारात दुरुस्तीची मुदत किती, दंड किती लावला. उत्तराला तीस दिवस असतात, पण बऱ्याचदा दिवा त्याआधी लागतो.

शेंगाचटणी:
काल जाऊन आलो. दुसरे साहेब होते, बसवून घेतलं, 304 लावलं, प्रत मिळाली. खांबाचा नंबर खरवडून निघालाय, म्हणून मी "पिठाच्या गिरणीपासून तिसरा" लिहून पोच घेतली.

जबाब लिहिताना काय काय गेलं असं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, "बोरमाळ, आणि दोन टाक्या पाणी." हवालदार हसले. "लिहा की," म्हणाल्या, आणि लिहिल्याशिवाय अंगठा दिला नाही.