शिकागो ते सिअ‍ॅटल: ग्लेशियर या खेपेला सोडा
शिकागोहून सिअ‍ॅटलला गाडीने जाताना वाटेत काय काय बघायचं, असं तुम्ही विचारलंत. बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्लेशियर ही राष्ट्रीय उद्यानं आणि डोंगरात राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेलं माउंट रशमोर, हे सगळं तुम्ही नऊ दिवसांत बसवताय. माझं ऐकाल तर ग्लेशियर या खेपेला सोडा. ते आय-९० पासून, म्हणजे तुमच्या वाटेवरच्या महामार्गापासून, बरंच उत्तरेला पडतं. तो वेळ यलोस्टोनला द्या. तिथला ग्रँड लूप हा उद्यानातला वळसा घालणारा रस्ता १४२ मैलांचा, वेगमर्यादा फार तर ताशी ४५ मैल, आणि बायसनचा (अमेरिकी रानगव्यांचा) कळप रस्त्यात ठाण मांडून बसला की गाड्यांची रांग हलत नाही. एका दिवसात उरकायला गेलात तर नुसती गाडीच हाकाल.

बॅडलँड्सला भर दुपारी जाऊ नका. आय-९० वरून १३१ नंबरच्या एक्झिटला उतरा आणि उद्यानातल्या लूप रोडने वॉल गावापाशी बाहेर पडा. उन्हं कलली की टेकड्यांवरचे तांबूस पट्टे काय उठून दिसतात!

रशमोर तासा-दोन तासांत होतं.

यादीत नसलेला डेव्हिल्स टॉवर हा वायोमिंगमधला उंच सुळका मात्र घालाच. अमेरिकेचं हे पहिलं राष्ट्रीय स्मारक, १९०६ सालचं. पायथ्याभोवती सव्वा मैलाची डांबरी पायवाट आहे, लहान मुलंही सहज चालतात. वाटेत झाडांना रंगीत कापडं बांधलेली दिसतील. ती तिथल्या मूळ जमातींनी प्रार्थनेसाठी बांधलेली असतात. त्यांना हात लावायचा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.