मोजपट्टीवर साठा तोलणाऱ्यांना एक उत्तर

क्षारपाणी: परवाच्या पोस्टीत एकाने लिहिलंय, किनाऱ्यालगतच्या माशांच्या छोट्या साठ्यांना सर्वेक्षण वगैरे नको, उतरलेली मासळी मोजा, सरासरी लांबी घटली की अतिमासेमारी. डोकं फिरलं. एखाद्या वर्षी पिल्लं भरपूर जगली तरी सरासरी घसरतेच की! म्हणजे बरकत आली की बंदी? आणि गिलनेटमध्ये, म्हणजे कल्ल्यांत मासा अडकवणाऱ्या उभ्या जाळ्यात, ठरावीक मापाचाच मासा अडकतो. साठा निम्मा झाला तरी लांबी जवळपास तीच दिसेल.

आकडेमोड: पोस्ट माझीच. नुसती सरासरी बघा असं मीही म्हणत नाही. एकदा तरी अंडी घालून मग जाळ्यात आलेले मासे किती, हे बघायचं. मत्स्यशास्त्रज्ञ राइनर फ्रोझने 2004 मध्येच तीन सोपी मापं दिली: प्रौढ किती, योग्य लांबीचे किती, थोराड माद्या किती. सर्वेक्षणाचा खर्च मासळीच्या मोलाच्या वर जात असेल तर तुम्ही काय करणार?

तांडेलाचा नातू: आम्हाला विचारायचं! मोजपट्ट्या घेऊन आले होते आमच्याकडेही. मासे मोजले, फोटो काढले, निकाल सांगायला कुणी फिरकलं नाही. कॅनडाचा कॉड मासा विसरलात? किनाऱ्यावरचे होडीवाले ओरडत होते की मासा बारीक होतोय. शास्त्रज्ञ मात्र ट्रॉलरच्या आकड्यांवर विसंबले. 1992 ला मासेमारीच बंद.

आकडेमोड: ट्रॉलरवर खलाशीच होते ना? उरलासुरला मासा एका जागी गोळा होतो, जाळी भरत राहतात, आणि सगळे म्हणतात मासा आहे!

तांडेलाचा नातू: ट्रॉलरवाल्याला आमच्या पंगतीत बसवू नका. समुद्र खरवडायचा त्यांनी आणि मोजमाप आमच्या टोपलीचं?

भरती: कॉडसाठी वेगळा धागा काढा की राव.

तांडेलाचा नातू: का? तिथेही बुडाले ते छोटेच.

क्षारपाणी: अंडी घातलेल्या माशांचा मुद्दा घ्या, दिला. जाळ्याचं काय?

आकडेमोड: वेगवेगळ्या आसांची, म्हणजे लहानमोठ्या भोकांची, जाळी शेजारी शेजारी लावून बघा. कुठला मासा कुठे अडकतो ते कळतं.

क्षारपाणी: वा, म्हणजे सर्वेक्षण आलंच की! फक्त नाव घ्यायचं नाही. बरं, त्या थोराड माद्या. बारीक आसात त्या नीट अडकतच नाहीत, आपटून निसटतात. टोपलीत दिसल्या नाहीत तर संपल्या समजायचं की सुटल्या?

आकडेमोड: म्हणून गळाला लागलेलीही मोजा म्हणतोय.

क्षारपाणी: हे त्या पोस्टीत कुठे होतं?