मदत हवी आहे: उत्क्रांत केलेला फिल्टर सिम्युलेशनमध्ये चालतो, ब्रेडबोर्डवर नाही

नमस्कार मंडळी,

मी फोंड्याचा, इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. चवथीच्या सुट्टीत जेनेटिक अल्गोरिदमने (निवड, संकर, उत्परिवर्तन करत उत्तर शोधणारी संगणकी पद्धत) लो-पास फिल्टर घडवायला घेतला. १ किलोहर्ट्झपर्यंत सगळं जाऊ द्यायचं, २ किलोहर्ट्झपासून अडवायचं. ६० सर्किटांची एक पिढी, प्रत्येक सर्किट एनजीस्पाइस या सर्किट-सिम्युलेटरमधून तपासायचं, चांगल्यांचा संकर करायचा, थोडं उत्परिवर्तन. रात्रभर लॅपटॉप चालवून ४०० पिढ्या झाल्या.

जे सर्किट आलं ते मी स्वतः कधीच काढलं नसतं. दोन कॉइलांच्या मध्ये एक कपॅसिटर विचित्र जागी बसवून त्याने बरोबर २ किलोहर्ट्झला खोल खाच पाडली आहे, म्हणजे तिथला सिग्नल जवळपास नाहीसाच होतो. ते पाहून फार आनंद झाला होता. पण ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची पाटी) जोडल्यावर ८०० हर्ट्झपासूनच सिग्नल घसरतो आणि खाच उथळ होऊन सरकते. कपॅसिटर दोनदा बदलले, जोडण्या चार वेळा तपासल्या.

ससेक्स विद्यापीठात एड्रियन थॉम्पसन यांनी १९९० च्या दशकात एफपीजीएच्या (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप) १०० घरांत १ आणि १० किलोहर्ट्झमधला फरक ओळखणारं सर्किट उत्क्रांत केलं होतं. त्यात घड्याळ (ठोके देणारा क्लॉक सिग्नल) नव्हतं, आणि ते त्या एका चिपच्या बारीकसारीक गुणांवर विसंबलेलं होतं. त्यांची परीक्षा खऱ्या चिपवर होती, माझी सिम्युलेटरमध्ये. मग माझ्या सर्किटाने सिम्युलेटरच्या कुठल्या सवलतीचा फायदा घेतला असेल? जाणकारांनी कृपया सांगावं. प्रोजेक्ट पुढच्या महिन्यात दाखवायचा आहे.

प्रतिसाद १:
कॉइलचा रोध मल्टिमीटरने मोजलात का? सिम्युलेशनमधली कॉइल शून्य ओहमची असते, त्यामुळे असली खाच तिथे फुकट मिळते. प्रत्येक कॉइलला मोजलेला रोध जोडून पुन्हा चालवा. कॉइल-कपॅसिटरच्या किमती (व्हॅल्यू) बाजारात मिळणाऱ्या ई-१२ या ठरावीक आकड्यांच्या मालिकेतल्याच ठेवा. शिवाय किमती ५ टक्के इकडेतिकडे हलवून, येईल त्यातला सर्वांत वाईट निकाल हाच गुण धरा. सगळ्या ६० सर्किटांवर हे करू नका, वेळ पुरणार नाही. आधी साधी चाचणी घ्या, मग वरच्या दहांचीच ही कठोर परीक्षा.

मूळ प्रश्नकर्ता:
मोजला. १०० मिलिहेन्रीच्या कॉइलला १४० ओहम! हे आधीच सुचायला हवं होतं. मनापासून आभार दादा, आज रात्री पुन्हा लावतो. जुनं सर्किट मोडलेलं नाही, दोन्हींचे आलेख इथेच टाकतो.