मदत हवी आहे : एमबीए नाही, फौंड्रीत सहा वर्षं झाली, कन्सल्टिंगमध्ये जायचंय

वाळूचा_कण

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

वय २८. कोल्हापुरातच मेकॅनिकलची डिग्री, ६२ टक्के. तेव्हापासून शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत (लोखंड ओतायच्या कारखान्यात) आहे. आधी क्वालिटीत होते, आता सॅण्ड प्लॅण्ट (साच्यांची वाळू तयार करायचा विभाग) आणि रिजेक्शन (नापास होणारा माल) ही दोन्ही दुखणी माझ्याकडे. ट्रॅक्टर आणि पंपांची कास्टिंग्ज (ओतीव भाग) करतो, महिन्याला साधारण ३५० टन.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं दोन कन्सल्टंट पाठवले होते. तीन आठवडे होते. त्यांना आकडे काढून द्यायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मनात शिव्या घातल्या, पण तिसऱ्या आठवड्यात कळलं की ही माणसं करतात ते काम मला माझ्या कामापेक्षा जास्त आवडतंय. पगाराचा हेवा वाटला नाही असं नाही, खोटं कशाला बोलू. पण खरा हेवा वाटला तो त्यांना सगळीकडे जाऊन 'का?' विचारायची मुभा असते याचा. मी विचारलं की 'तू तुझी वाळू बघ' असं उत्तर येतं.

मग तीन ठिकाणी अर्ज केले. दोघांकडून नकाराचा मेलसुद्धा नाही. तिसऱ्यांनी एक फेरी घेतली. त्यात केस दिली, म्हणजे एखाद्या धंद्याची अडचण सांगून उपाय विचारतात तो प्रश्न : एका दूध डेअरीचा नफा दोन वर्षांत घसरलाय, काय कराल? मी लगेच पाश्चरायझर, गळती, पाउच फुटण्याचं प्रमाण असं सुरू केलं. पाच-सात मिनिटं बोलत होते. समोरचे शांतपणे म्हणाले, "प्लॅण्टमध्ये गडबड आहे हे कशावरून?" मला उत्तर सुचलं नाही. तिथंच संपलं.

आता घरात दोन तट. वडील (साखर कारखान्यातून निवृत्त) म्हणतात, आहे ते बरं आहे. भाऊ म्हणतो, कर्ज काढ आणि एक वर्षाचा एमबीए कर. राहण्याखाण्यासकट हिशेब ४० लाखांच्या वर जातो. त्याशिवाय रस्ता आहे का? असला तर माझ्यासारखीनं सुरुवात कुठून करायची? आणि ती डेअरीची केस मी नक्की कुठे हुकवली?

सदाशिवपेठी

नाही. रस्ता नाही. ६२ टक्क्यांत तर नाहीच. कॅट द्या किंवा जीमॅट. बाकी सगळ्या मनाच्या समजुती.

पंचगंगाकाठी

आलं का पुणेरी पाटी लावायला! अहो, ती विचारतेय काय, तुम्ही सांगताय काय. ताई, तू थांब जरा, इथं या धंद्यातली दोनतीन माणसं आहेत, येतील.

(मी स्वतः गोकुळ शिरगावात मशीन शॉप चालवतो. तुमच्यासारख्यांच्या कास्टिंगमधले ब्लो होल (आत वायूनं पडलेली भोकं) आमच्या टूलला सापडतात. तेव्हा आपली ओळख जुनीच म्हणायची.)

गुडगावचा_पाहुणा

मी रसायनशास्त्रात पीएचडी, एमबीए नाही, नऊ वर्षं कन्सल्टिंगमध्ये. सदाशिवपेठींचं अर्धं बरोबर आहे, ते आधी सांगतो.

मॅकिन्झी, बीसीजी, बेन या बड्या कन्सल्टिंग कंपन्यांच्या भारतातल्या ऑफिसांत नवी मुलं येतात ती मुख्यतः कॅम्पसवरून. अहमदाबाद, बंगळूर, कलकत्त्याच्या आयआयएम, आयएसबी, आणि पदवीनंतर थेट घ्यायची तर आयआयटी आणि दिल्लीतली मोजकी कॉलेजं. त्या दारात तुम्ही कितीही वेळ उभ्या राहिलात तरी तुमचा सीव्ही कुणी वाचणार नाही. वाईट वाटून घेऊ नका, तिथला माणूस त्या दिवशी तुमच्या सीव्हीसाठी बसलेलाच नसतो.

पण बाजूला दुसरी दारं आहेत. याच कंपन्या डॉक्टर, वकील, पीएचडीवाले घेतात. मी तसाच आलो. तुमच्यासाठी तिसरं दार, ऑपरेशन्सचं. कारखान्यात जाऊन उत्पादन, खरेदी, गुणवत्ता यांवर काम करणारे गट असतात आणि त्यांना शॉप फ्लोअरवर पाय भाजलेली माणसं लागतात. तिथं अर्ज पोर्टलवर टाकून फारसं काही होत नाही. त्या गटातल्या माणसाला गाठायचं, वीस मिनिटं मागायची, नोकरी मागायची नाही. त्याला तुमचं बोलणं पटलं तर तोच नाव पुढे सरकवतो.

आता एक सांगा. सहा वर्षांत तुम्ही केलेलं असं एक काम, ज्याचा आकडा तुम्हाला झोपेतही आठवतो?

वाळूचा_कण

आहे एक. रिजेक्शन ८.५ टक्के होतं, ५.२ वर आणलं. एक वर्ष गेलं त्यात.

सगळे म्हणायचे दुसऱ्या पाळीची पोरं कामचुकार आहेत, कारण ब्लो होल तिकडेच जास्त. मी चार महिन्यांचं रजिस्टर तास लावून मांडलं. तर पाळी बदलली म्हणून उडी दिसत नव्हती, दुपारी बारापासून हळूहळू चढत जात होतं. म्हणजे माणसांचा प्रश्नच नव्हता. सकाळपासून तीच वाळू फिरून फिरून गरम व्हायची. ओतलेल्या मोल्डमधून आलेली वाळू थंड व्हायच्या आत परत मिक्सरला जायची, ओलावा हातात राहायचा नाही. ओलावा तपासायचो तो पाळीच्या सुरुवातीला, एकदाच. एक जुना हॉपर (वाळू साठवायची टाकी) पडून होता, तो मध्ये जोडून वाळूला थांबायला जागा केली, आणि तपासणी दर तासाला. बस्स.

गुडगावचा_पाहुणा

आणि सीव्हीत काय लिहिलंय?

वाळूचा_कण

'सॅण्ड प्लॅण्ट व गुणवत्ता विभागाची जबाबदारी सांभाळली.'

पंचगंगाकाठी

आईशप्पथ.

गुडगावचा_पाहुणा

बघा आता. ३५० टनांवर ३.३ टक्के म्हणजे महिन्याला साडेअकरा टन माल वाचला. नापास कास्टिंग परत भट्टीत जातं, त्यामुळे लोखंड फुकट जात नाही. फुकट जाते ती वितळवायची वीज, कोअरचं (कास्टिंगच्या आतली पोकळी करणाऱ्या वाळूच्या गाभ्याचं) रेझिन, मजुरी. टनाला किती धरता?

वाळूचा_कण

आमच्याकडे ३० हजार धरतात.

गुडगावचा_पाहुणा

म्हणजे महिन्याला साडेतीन लाखांच्या आसपास, वर्षाला ४० लाखांच्या वर. तुमच्या भावानं सांगितलेल्या कर्जाएवढे पैसे तुम्ही दर वर्षी मालकाला वाचवून देताय.

आणि हा हिशेबही अपुरा आहे. ऑर्डर हाताशी पडून असतील आणि भट्टी कमी पडत असेल, तर ते साडेअकरा टन विकले जातात आणि फायदा ३० हजारांवर थांबत नाही, वर विक्रीतलं मार्जिनही मिळतं. ऑर्डरच कमी असतील तर फक्त खर्च वाचतो. तुमच्याकडे कुठली परिस्थिती होती हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. मुलाखतीत नेमकं तिथंच खोदतात.

दुसरं म्हणजे, दुसऱ्या पाळीच्या पोरांवरचा आळ तुम्ही खोडून काढलात ना, ती गोष्ट सांगा. सगळे एक समजत होते, आकडे तासाप्रमाणे लावल्यावर वेगळंच निघालं. डेअरीच्या वेळी तुम्ही याच्या बरोबर उलट केलंत. रजिस्टर न मांडताच हॉपर जोडायला निघालात. आधी विचारायचं, उत्पन्न घटलंय की खर्च वाढलाय? उत्पन्न घटलं असेल तर भाव पडला की लिटर कमी झाले? कदाचित शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या संघानं दर वाढवून दूध पळवलं असेल. मग पाश्चरायझर सोन्याचा लावला तरी काय उपयोग?

तिसरी_पाळी

थोडं गार पाणी ओततो. मी चार वर्षं कन्सल्टिंग केलं आणि सोडलं. सोमवारी पहाटेचं विमान, गुरुवारी रात्री परत, शुक्रवारी ऑफिस, रविवारी संध्याकाळी स्लाइड. दोन-तीन वर्षांत बढती नाही झाली तर सौम्य शब्दांत बाहेरचा रस्ता दाखवतात. आणि 'का?' विचारायची मुभा म्हणता ती सुरुवातीला नसते. पहिली दोन वर्षं तुम्ही एक्सेल भरता, 'का' मॅनेजर विचारतो. हेव्यावर जाऊ नका, एवढंच.

बिझनेसची पदवी नसल्याची खंत मात्र सोडा. बेन कंपनी काढणारा बिल बेन इतिहासाचा पदवीधर. बीसीजी १९६३ मध्ये काढणारा ब्रूस हेंडरसन मूळ इंजिनिअर, हार्वर्डचं एमबीए त्यानं अर्धवट सोडलेलं.

सदाशिवपेठी

साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन माणसाचं नाव सांगून शिरोलीतल्या मुलीचा सीव्ही शॉर्टलिस्ट होत नाही हो.

तिसरी_पाळी

हे मात्र मान्य.

पंचगंगाकाठी

आता गिऱ्हाइकाच्या बाजूनं. मी एकदा कन्सल्टंट लावला होता. दीड महिन्यानं त्यांनी जे दाखवलं ते माझा सुपरवायझर तीन वर्षं सांगत होता, की एका मशीनवर सेटिंगला फार वेळ जातो, जॉब एकत्र लावा. मी संतापलो, बिल बघून अजून संतापलो. रात्री बायको म्हणाली, तो सांगत होता तेव्हा ऐकलंत का? पैसे मोजल्यावर ऐकलंत. काय बोलणार!

मुद्दा असा की मुंबई-गुडगावच कशाला? केंद्र सरकारची एमएसएमईसाठी (लहान-मध्यम उद्योगांसाठी) लीन योजना आहे, म्हणजे कारखान्यात वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची, २०२३ मध्ये नव्यानं सुरू केलेली. कन्सल्टंटच्या फीचा ९० टक्के भार सरकार उचलतं. राष्ट्रीय उत्पादकता परिषद आणि क्वालिटी कौन्सिल ती राबवतात. वाहनांचे सुटे भाग करणाऱ्यांची ॲक्मा ही संघटनाही आपल्या सभासदांसाठी क्लस्टर चालवते, त्यात कौन्सेलर कारखान्या-कारखान्यांत फिरतात. हेही कन्सल्टिंगच की. फौंड्रीतली वाळू कळणारा माणूस यांना रस्त्यावर सापडत नाही.

हापूस_बारमाही

पुण्यात झेडएस या कन्सल्टिंग फर्मचं मोठं ऑफिस आहे, ते इंजिनिअर घेतात, एमबीए लागतोच असं नाही. पण काम बरंचसं औषध कंपन्यांचं आणि डेटाचं, आणि सुरुवातीच्या जागांवर बहुतेक फ्रेशर. सहा वर्षांचा फौंड्रीतला अनुभव तिथं वाया जाईल असं मला वाटतं. बिग फोरमधल्या (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी) ऑपरेशन्स आणि सप्लाय चेनच्या टीम बघा त्यापेक्षा.

गुडगावचा_पाहुणा

हापूस यांच्याशी सहमत. माझं ऐकाल तर क्रम असा लावा : आधी बिग फोर किंवा पुण्यातल्या लीनवाल्या लहान फर्म, दोन वर्षं. मग वरच्या कंपनीत ऑपरेशन्सच्या दारानं प्रयत्न. एमबीए तेव्हाही करता येईल आणि तेव्हा तो स्वस्त वाटेल. आज कर्ज काढू नका. हे माझं मत, ब्रह्मवाक्य नव्हे.

केसचा सराव मात्र आजपासून. एक देतो, तुमच्याच मुलखातली. एका गुऱ्हाळमालकाचा नफा गेल्या हंगामापेक्षा बराच घटला. का? मला विचारायचं ते विचारा, आकडे लागले तर धरून चाला.

वाळूचा_कण

हात थरथरतायत, पण लिहिते.

आधी प्रश्न. गाळलेला ऊस कमी झाला का, आणि गुळाचा भाव पडला का?

गुडगावचा_पाहुणा

दोन्ही नाही. २०२३-२४ आणि २०२४-२५ हे दोन हंगाम धरा.

वाळूचा_कण

मग उताऱ्यात फरक नसेल तर उत्पन्न तेवढंच, खर्च बघायचा. टनाला ११५ किलो गूळ धरते, किलोला ४० रुपये. म्हणजे टनामागे ४,६०० रुपये. सर्वांत मोठा खर्च उसाचा. गुऱ्हाळाला एफआरपी (साखर कारखान्यांसाठी केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर) लागू नाही, पण शेतकरी कारखान्याचा दर बघूनच ऊस देणार. एफआरपी क्विंटलला ३१५ चा ३४० झाला, म्हणजे टनाला २५० रुपयांनी वाढ. पहिल्या वर्षी ४,६०० वजा ३,१५० म्हणजे १,४५० उरायचे, आता १,२००. मजुरी, गुळव्या, डिझेल मिळून ८०० धरले तर नफा ६५० वरून ४०० वर. गुऱ्हाळात काहीही न बिघडता. बरोबर आहे का?

गुडगावचा_पाहुणा

डेअरीवाल्या मुलाखतीत हीच बाई गेली होती? या वेळी यंत्राला हातही लावला नाहीत, छान. एकच सुटलं : चिपाडाचं उत्पन्न धरलं नाहीत.

वाळूचा_कण

चिपाड विकत नाहीत हो सर, चुलवाणात जळतं. तेच जळण असतं. उलट पावसानं भिजलं तर बाहेरून जळण आणावं लागतं, तो खर्च मात्र मी धरायला हवा होता.

गुडगावचा_पाहुणा

हे मला माहीत नव्हतं. मुलाखतीतही असंच तोंडावर सांगा. रविवारी सकाळी दहाला फोनवर एक पूर्ण केस घेऊ, व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा. सीव्हीतली ती ओळ त्याआधी बदला.

पंचगंगाकाठी

आणि ताई, त्या हॉपरचा फोटो असला तर मला पाठव. आमच्या एका सप्लायरला दाखवायचाय.