बुधवारपासून आभाळ येणार म्हणतात. थॉमसन द्राक्षाचा माल तोडून बेदाण्याच्या शेडवर टाकावा का थांबावं?

बांधावरची बाई (तासगाव तालुका)

रामराम मंडळी. थेट मुद्द्यावर येते. सोनाका जातीच्या द्राक्षाचा प्लॉट तोडून वाळायला शेडवर टाकलाय, आज पाचवा दिवस. थॉमसनचा दीड एकर अजून वेलीवर आहे. रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) वरच्या अंगाला 22 ब्रिक्स, म्हणजे साखर, लागतंय, ओढ्याकडच्या ओळींत मात्र 19 च्या वर जायला तयार नाही.

हवेचं काय चाललंय ते बघताच आहात. पहाटे गोधडी लागते आणि दुपारी शेडच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही. होळी जळाली थंडी पळाली म्हणायचं, तर यंदा ती ओढ्यातच मुक्कामाला राहिल्यागत आहे. काल संध्याकाळी जतकडनं वारं सुटलं, शेडचे पडदे फाडफाड वाजले, पण थेंब नाही. हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज असा: बुधवारी ढगाळ, गुरुवारी-शुक्रवारी "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका पाऊस", पिवळा इशारा. मोबाईलमधलं एक ॲप गुरुवारी 12 मिलिमीटर दाखवतं, दुसरं शून्य. भावकीतले एक अण्णा सकाळपासून गारांचे फोटो फॉरवर्ड करतायत, ते कुठले नि कधीचे देव जाणे.

तोडणीची टोळी मंगळवारी मिळतीय. ती चुकली तर पाडवा झाल्यावरच. सासरे म्हणतात सगळं तोडून मोकळी हो. मला वाटतं, ओढ्याकडचा माल आत्ता तोडला तर वजनात मार बसणार.

शेडवरच्या मालाची काळजी वेगळीच. मणी वरनं सुरकुतलाय, रंग छान हिरवट आहे, पण चिमटीत दाबला की आत गर लागतो आणि बोटं चिकटतात. याच टप्प्यावर दमट हवा लागली तर काळा पडतो ना? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

जुना शेडवाला (कवठेमहांकाळ)

सूनबाई, सासऱ्यांचं निम्मं ऐक. वरच्या ओळी मंगळवारी तोड, ओढ्याकडच्या राहू दे. 22 च्या मालाला चार किलोत किलोभर बेदाणा पडतो. 19 च्या मालाला पाच किलो घालशील आणि वर तो चपटा निघेल, सौद्यात व्यापारी नुसता हातात घेऊन परत टाकेल. टोळीची मजुरी, घड बुडवायचं डिपिंग ऑईल आणि पोटॅशियम कार्बोनेट, खर्च दोन्हीला तेवढाच.

शेडवरच्या सोनाक्याला इतकी घाबरू नको. पाच दिवसांत बरंच पाणी गेलेलं असतं. त्याला पावसापेक्षा पाऊस पडून गेल्यावर कोंडलेली हवा मारते. लोक काय करतात, आभाळ आलं की पडदे पाडतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तसेच ठेवतात. आत वाफ धरते, मणी घामेजतो, मग बुरशी.

ढगांच्या मागे (मिरज)

ताई, अंदाजातले शब्द नीट धरा. "तुरळक ठिकाणी" म्हणजे जिल्ह्यातल्या फार तर 25 टक्के ठिकाणी. "काही ठिकाणी" असतं तर 50 टक्क्यांपर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे 75 पर्यंत. म्हणजे गुरुवारी तुमच्या बांधावर पडेलच असं नाही. पण ढग आणि दमटपणा यांना तुरळक लागू होत नाही, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतात. बेदाण्याला तेवढं पुरतं.

दोन ॲपचं भांडण लावू नका. दोघांमागची गणितं वेगळी आहेत आणि दोन्ही बऱ्याच मोठ्या चौकोनाची सरासरी सांगतात. वळवाचा ढग कधी कधी चार-पाच किलोमीटरचाच असतो. सावळजला झोडपतो आणि मणेराजुरीत धुरळा उडत राहतो, हे तुम्हीच बघितलं असेल.

हे दिवसच असे. उत्तरेत पश्चिमी चक्रावात (पश्चिमेकडनं येणाऱ्या ढगा-पावसाच्या प्रणाली) येऊन जातात, इकडं बंगालच्या उपसागरावरनं आणि अरबी समुद्रावरनं बाष्प आत शिरतं, दोन्हीकडचे वारे आपल्या डोक्यावर भेटतात आणि खाली जमीन तापलेली. म्हणून सकाळ लख्ख, दोननंतर ढगांचे डोंगर, चार ते सात गडगडाट. तुम्ही म्हणालात जतकडनं वारं आलं, ते महत्त्वाचं. पूर्वेचं वारं दुपारी रोज यायला लागलं की अंदाज खरा होतोय असं समजा.

कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, मेघदूत ॲपवर मिळतो. पण मंगळवारी टोळी रानात असेल, त्यामुळं तोडायचं का नाही ते सोमवारी संध्याकाळच्या अंदाजावरच ठरवा. गुरुवारी दुपारी मात्र पाच दिवसांचा अंदाज बंद करा आणि पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. गोव्याच्या रडारच्या चित्रात आपला भाग अगदी कडेला येतो, तरी पूर्वेकडनं काय सरकतंय ते कळतं. विजेसाठी दामिनी ॲप घ्या. लोखंडी रॅकमध्ये माणसं काम करत असतात, हे विसरू नका.

निफाडकर

आमच्याकडे खायची द्राक्षं, बेदाण्यातलं मला फार कळत नाही. 2014 ची गारपीट बघितलेली आहे, त्यामुळे गारा येणार म्हटलं तर माझा सल्ला एकच असतो, काढा. पण हलका पाऊस म्हणत असतील तर राहिलेल्या ओळींसाठी दोन गोष्टी.

एक, आत्ता पाणी तोडू नका. रान कोरडं ठेवलं आणि वरून एकदम पाऊस आला की मुळं पाणी ओढतात आणि मणी तडकतो. ठिबक थोडं थोडं चालू ठेवा. दुसरं, पाऊस थांबल्यावर ट्रॅक्टरचा ब्लोअर नुसता हवेवर फिरवा, घडातलं पाणी उडून जातं. मात्र चिखलात ट्रॅक्टर घालू नका, त्याचं दुखणं वेगळं.

बांधावरची बाई

सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना वाचून दाखवलं. "निम्मं ऐक" वर हसले, मग म्हणाले हा कवठ्याचा कोण आहे त्याला चहाला बोलवा.

ठरवलंय असं. सोमवारच्या अंदाजात गारांचा उल्लेख नसेल तर मंगळवारी फक्त 22 च्या ओळी. ओढ्याकडचा माल ठेवणार, ठिबक रोज थोडं. पण शेडवाले आप्पा, एक शंका आहे. मंगळवारी टाकलेला माल गुरुवारी शेडमधला सगळ्यात ओला माल असणार. थॉमसन वेलीवर भिजण्यापासून वाचवायच्या नादात शेडवर काळा करून घेतेय असं तर नाही? आणि शेजारचे म्हणतात पावसाआधीच गंधकाची धुरी देऊन टाका.

जुना शेडवाला (कवठेमहांकाळ)

शंका बरोबर आहे. म्हणून तो माल नेहमीसारखा दाटीनं टाकायचा नाही. जाळीवर घडाला घड टेकता कामा नये. सगळ्यात खालचे दोन कप्पे मोकळे सोड, जमिनीची ओल तिथंच आधी चढते आणि तिरका पाऊस आला तर शिंतोडेही तिथंच. जागा पुरली नाही तर सोनाक्यातला वरच्या कप्प्यांवरचा वाळलेला माल हलवून एकत्र कर, वर उष्णता जास्त म्हणून तो आधी होतो.

डिपिंगला हात आखडू नकोस. लिटरभर पाण्याला 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिली ऑईल, घड नीट बुडू दे. मण्यावरची लव (मेणासारखा थर) निघाली तरच पाणी लवकर बाहेर पडतं. निम्म्या ताकदीची दुसरी फवारणी तिसऱ्या दिवशी करतो आपण, ती गुरुवारीच येतीय. गुरुवारी हवा कोंदट असली तर मारू नको, ऊन पडल्यावर मार.

पडदे फक्त वाऱ्याच्या बाजूचे पाड. समोरची बाजू उघडी राहिली पाहिजे. पंखे भाड्यानं मिळतात, दोन आणून ठेव, आणि लाईट जाणारच हे धरून जनरेटरचं आजच विचारून ठेव. गुरुवारी विचारशील तर सगळा तालुका विचारत असेल.

धुरीचं म्हणशील तर आत्ता नको. ओल्या मालाला धुरी दिली की गंधक नको तेवढं बसतं आणि घेणारा वास घेऊन भाव पाडतो. शुक्रवारी सकाळी कप्प्याकप्प्यातनं हात फिरव, कुठं पांढुरकी बुरशी दिसली तर तेवढे घड उचलून बाहेर काढ आणि मला इथं लिही, मग धुरीचं बघू.

चहाला रविवारी येतो. गूळ घालून ठेवा, साखर बंद आहे.