आदिवासी युवकांच्या उपक्रमासाठी अनुदान मागताना सुरुवात कोठून करावी?

शनिवारवर्ग (कोथरूड, पुणे)

नमस्कार. आम्ही कोथरूड परिसरातील आठ जण गेली सहा वर्षे मुळशी तालुक्यातील दोन कातकरी वस्त्यांत आणि आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील एका महादेव कोळी गावात १४ ते २१ या वयाच्या मुलामुलींबरोबर काम करीत आहोत. सुरुवात शनिवारच्या अभ्यासवर्गाने झाली. पुढे फिरते ग्रंथालय, कबड्डीचा संघ, दहावीनंतरचे मार्गदर्शन आणि जातीचा दाखला, आधार, बँक खाते यांसाठीची धावपळ अशी कामे वाढत गेली. आमचा न्यास नोंदणीकृत आहे, लेखापरीक्षण दरवर्षी होते आणि वर्षाचा सुमारे ३ लाख रुपयांचा खर्च आजवर मित्र व नातेवाईक यांच्या देणग्यांतून भागला आहे.

आता वस्तीतीलच दोन युवकांना पूर्णवेळ मानधन देऊन हे काम त्यांच्या हाती सोपवावे, असा विचार आहे. प्रवास आणि पुस्तके धरून त्यासाठी वर्षाला सुमारे ९ लाख रुपये लागतील. दोन ठिकाणी अर्ज केला. एकाकडून उत्तरच आले नाही. दुसऱ्याने कळविले की प्रस्ताव भावनिक आहे आणि त्यातील परिणाम मोजण्याजोगे नाहीत. हे वाक्य मनाला लागले, पण प्रस्ताव पुन्हा वाचला तेव्हा पहिल्या दोन पानांत सह्याद्रीचे वर्णन जास्त आणि मुलांविषयीची माहिती कमी आहे, हेही मान्य करावे लागले.

कंपन्यांचा सीएसआर निधी (नफ्यातून समाजकार्यावर कायद्याने खर्च करावयाचा वाटा), सरकारी योजना आणि परदेशी निधी यांपैकी आमच्या आकाराच्या संस्थेने कोणते दार आधी ठोठवावे? प्रस्ताव लिहून देणारे एक सल्लागार मंजूर रकमेच्या १० टक्के मागत आहेत. हे रीतीला धरून आहे काय? आणि दिवाळीनंतर अर्धी वस्ती वीटभट्टीवर जाते, तेव्हा उपस्थितीचे आकडे देणगीदारापुढे कोणत्या तोंडाने मांडावेत?

ताळेबंद (सदाशिव पेठ)

मी लहान न्यासांचे हिशेब पाहतो, म्हणून कागदांपुरतेच बोलतो.

परदेशी निधीचा विचार सध्या बाजूला ठेवावा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, त्याखालील नोंदणीसाठी संस्थेला तीन वर्षे झालेली असावी लागतात आणि मागील तीन आर्थिक वर्षांत मूळ कार्यावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले असावे लागतात. आपला खर्च पाहता ही अट पूर्ण होत नाही. नोंदणी असलेल्या मोठ्या संस्थेकडून त्यातला वाटा घेण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद केली आहे. एक सावधगिरी मात्र आजच बाळगावी. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी निधी ठरत नाही, परंतु त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ती ठरते. ज्यातले कोणी अमेरिकेत नाही असे घर पुण्यात शोधावे लागते, त्यामुळे भाच्याने प्रेमाने पाठविलेले पैसे जमा करण्यापूर्वी त्याचा पासपोर्ट कोणता आहे हे विचारावे.

सरकारी बाजूला केंद्रीय जनजाती कार्य मंत्रालयाची स्वयंसेवी संस्थांना साहाय्य करणारी योजना आहे, पण तिचा रोख निवासी शाळा, वसतिगृहे, फिरते दवाखाने अशा कामांवर असतो, शनिवारच्या वर्गावर नव्हे. घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात मात्र जरूर जावे. तेथील न्यूक्लिअस बजेटमधून (स्थानिक गरजांसाठी प्रकल्प कार्यालयाच्या हाती असलेल्या निधीतून) संस्थेला पैसे मिळाले नाहीत तरी आपल्या मुलांना एखाद्या प्रशिक्षणाचा लाभ मिळू शकतो, आणि आपल्या दृष्टीने तेही कमी नाही.

म्हणजे उरतो तो सीएसआर निधी. १ एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. आपल्यासारख्या न्यासाकडे त्यासाठी आयकराच्या सवलतीसाठीच्या १२ए व ८०जी या दोन्ही नोंदण्या आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. नोंदण्यांची मुदत संपली नाही ना, हे आधी तपासावे.

याहून मोठी अडचण पुष्कळदा धर्मादाय कार्यालयातील नोंदीत दडलेली असते. विश्वस्त बदलला, वारला किंवा नवा आला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत फेरफार अर्ज (बदलाची नोंद करण्याचा अर्ज) द्यावा लागतो. बहुतेक लहान न्यास ठराव करतात, बँकेतील सह्या बदलून घेतात आणि फेरफार विसरतात. मी स्वतः ज्या न्यासावर होतो तेथे दिवंगत विश्वस्तांचे नाव नोंदवहीत तसेच राहिले होते. कंपनीच्या छाननीत ते दिसले आणि तोंडी मंजूर झालेले अनुदान आमच्याच हलगर्जीपणामुळे पुढच्या वर्षावर गेले. आपण ज्याला शेड्यूल वन म्हणतो तो न्यासाच्या नोंदीचा ताजा उतारा या आठवड्यातच काढा आणि त्यावरील नावे आजच्या विश्वस्तांशी ताडून पाहा.

राहिला सल्लागाराचा प्रश्न. टक्केवारीने काम देऊ नये. ती रक्कम अंदाजपत्रकात उघडपणे दाखविता येत नाही, म्हणून ती कोणत्या तरी दुसऱ्या शीर्षाखाली लपवावी लागते आणि पहिल्याच विनियोग प्रमाणपत्रात (अनुदान कशावर खर्च झाले याच्या दाखल्यात) खोटे शिरते. मदत हवीच असेल तर ठरावीक शुल्क ठरवून ते न्यासाच्या स्वतःच्या पैशांतून द्यावे.

रानवाट

शनिवारवर्ग, मी आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला, महादेव कोळी समाजातला आहे. आश्रमशाळेत आणि वसतिगृहात राहून शिकलो आणि आता पुण्यात नोकरी करतो. आमच्या गावात अनेक संस्था आल्या आणि गेल्या, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. राग मानू नये.

आपण तीन ठिकाणांचे काम एकाच प्रस्तावात ‘आदिवासी युवक’ या एका शब्दाखाली मांडले असेल, तर तेथेच गडबड आहे. आमच्या गावांत बहुतेकांकडे थोडी का होईना भातशेती आहे, उन्हाळ्यात हिरड्याचे उत्पन्न आहे आणि शिकलेली एक पिढी आहे. कातकरी समाजाची बहुतांश घरे भूमिहीन आहेत. महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती आहेत, त्यांपैकी ही एक. त्यातच आंबेगावचा पश्चिम भाग अनुसूचित क्षेत्रात येतो आणि मुळशीतील वस्त्या येत नाहीत, म्हणून एकीकडे जी सरकारी यंत्रणा हाताशी असते ती दुसरीकडे नसते. या दोन ठिकाणच्या मुलांच्या अडचणी वेगळ्या आहेत, तेव्हा उद्दिष्टे आणि खर्चही वेगळे लिहावेत.

आता वीटभट्टीविषयी. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर सगळे घर निघते. मूल मागे ठेवायला कोणी नसते. देणगीदाराला बारा महिन्यांची सरासरी उपस्थिती दिली की ती कमीच दिसणार आणि त्यात आपल्या कामाचा दोष नसूनही आपणच दोषी ठरणार. त्यापेक्षा वर्षाचे दोन भाग करावेत. जून ते दिवाळी या काळात वस्तीवर असलेल्या मुलांपैकी किती नियमित आली, हा एक आकडा. दिवाळी ते मे या काळात कोणते मूल कोणत्या भट्टीवर आहे याची यादी आणि त्यांतल्या किती जणांशी संपर्क टिकला, हा दुसरा.

आणि ज्याला आपण मोजता येत नाही असे समजत आहात, ते तर डोळ्यांसमोर आहे. दहावी-बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे नेमकी भट्टीच्या ऐन हंगामात येते. पुष्कळ मुले परीक्षेत नापास होत नाहीत, ती परीक्षेला पोहोचतच नाहीत. अर्ज भरलेल्या मुलांपैकी किती जण प्रत्यक्ष परीक्षेला बसले, हा आकडा दरवर्षी ठेवा. मग अंदाजपत्रकात त्या दोन महिन्यांसाठी मुलांची राहण्याजेवण्याची सोय, भट्टीवरून परत येण्याचे भाडे आणि त्यांच्यासोबत राहणाऱ्या ताईचे मानधन लिहा. उद्दिष्ट, खर्च आणि परिणाम एका ओळीत बसतील आणि कोणीही त्याला भावनिक म्हणणार नाही.

दुसरा आकडा दाखल्यांचा. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्या कुटुंबाच्या नावावर कधी सातबारा नव्हता आणि ज्याच्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही, त्याने तो कोठून आणायचा? गृहचौकशी, नातेवाइकांचे दाखले, जुन्या नोंदी असे करीत एका मुलाचे काम कितीतरी खेपांनंतर पूर्ण होते. ही ‘धावपळ’ आपण आपल्या प्रश्नात एका ओळीत उरकली आहे. माझ्या मते प्रस्तावातील सर्वांत भक्कम भाग तोच आहे, कारण शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि नोकरी यांची दारे त्यानंतरच उघडतात.

शेवटी भाषेविषयी. ‘मुख्य प्रवाहात आणणे’, ‘अज्ञानाच्या अंधारातून’ असे शब्द असतील तर ते काढून टाकावेत. ज्या दोन युवकांच्या हाती काम द्यायचे म्हणता, त्यांनी हा प्रस्ताव वाचला आहे काय? आणि आपल्या आठ जणांत वस्तीतले कोणी आहे काय?

माजी सीएसआर समिती सदस्य (औंध)

मी काही वर्षे एका कंपनीच्या सीएसआर समितीवर होतो आणि टेबलाच्या पलीकडून असे अर्ज वाचले आहेत. रानवाट यांनी सुचविलेला परीक्षेचा आकडा पहिल्या पानावर असता, तर आमच्यापैकी कोणीही दुसरे पान उलटले असते.

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्च करावी लागते आणि ती करताना आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा म्हणतो. हिंजवडी मुळशी तालुक्यातच आहे. ज्या कंपनीचे कर्मचारी रोज हिंजवडीच्या वाहतुकीत तास घालवितात, तिला त्याच तालुक्यातील वस्ती दाखविणे मुंबईतल्या अनोळखी कार्यालयाला पत्र पाठविण्यापेक्षा सोपे जाईल.

मानधनाला पैसे मिळत नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्यामागे पुष्कळदा एक गैरसमज असतो. प्रशासकीय खर्चावरील ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चाला लागू होते. काही अधिकारी ती संस्थेच्या अंदाजपत्रकावर लादतात. आपले दोन युवक हे प्रशासन नसून तोच कार्यक्रम आहे, हे अंदाजपत्रकातच स्पष्ट लिहावे. तसेच स्वतंत्र परिणाम मूल्यमापनाची सक्ती सरासरी १० कोटी व त्याहून अधिक सीएसआर दायित्व असलेल्या कंपन्यांच्या १ कोटी व त्यावरील प्रकल्पांनाच आहे, तेव्हा ९ लाखांच्या कामासाठी कोणी जाडजूड अहवाल मागितला तर नम्रपणे हे निदर्शनास आणावे.

एक सावधगिरी. मार्चअखेरीस काही कंपन्यांकडे खर्च न झालेली रक्कम उरते आणि मग ‘आठ दिवसांत दप्तरे व टॅब वाटता येतील काय?’ असा फोन येतो. तेथे होकार दिला की पुढच्या वर्षीही संस्थेची ओळख वाटप करणारी अशीच राहते. चालू प्रकल्प म्हणून तीन वर्षांपर्यंतची तरतूद करण्याची मुभा कंपनीला आहे. ती मागावी आणि त्यासाठी नव्या वर्षाचे नियोजन ठरण्यापूर्वी, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतच भेटावे.

शनिवारवर्ग (कोथरूड, पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल उतारा काढला. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विश्वस्तांचे नाव त्यात अजून आहे. विलंबमाफीच्या विनंतीसह फेरफार अर्ज तयार करीत आहोत. सल्लागारांना नकार कळविला.

रानवाट, आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच होते. शनिवारी प्रस्ताव घेऊन वस्तीवर गेलो. नोंदवही उघडून पाहिली तर गेल्या वर्षी दहावीचा अर्ज भरलेल्या ७ मुलांपैकी ४ जणच परीक्षेला बसले होते, आणि उरलेली तिघे कोणत्या भट्टीवर होती हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नसताना तेथील युवकाने ते तोंडपाठ सांगितले. सह्याद्रीची दोन पाने त्याने स्वतःच्या हाताने खोडली. आता एकच शंका उरली आहे. कंपनीने नमुन्यात मुलांची छायाचित्रे मागितली आहेत. ती द्यावीत काय?

रानवाट

१८ वर्षांखालील मुलांचे चेहरे आणि नावे देऊ नयेत. मोठ्यांची लेखी संमती घ्यावी आणि छायाचित्र कोठे वापरले जाणार आहे, हे त्यांना आधी सांगावे. वर्गाचे छायाचित्र हवेच असेल तर कबड्डीच्या मैदानाचे दुरून काढलेले द्या. आणि कंपनीचे लोक पाहणीला येतील तेव्हा वस्ती त्या तरुणालाच दाखवू द्या. आपण मागे थांबा.